हुंडा न घेणारं घर

समडोळीहून सांगलीला जाणारी सकाळची एस.टी. थांब्यावर आली की कंडक्टर आधी धन्यकुमारच्या घराच्या दाराकडे बघायचा. ब्राह्मी धावत येताना दिसली तर घंटी मारायला तो जरा उशीर करायचा. मागून तिची आई चंपाबाई डबा घेऊन येताना दिसली तर आणखी थोडा. रोजचंच होतं ते. डबा खिडकीतून आत जायचा आणि चंपाबाईचं एकच वाक्य मागोमाग यायचं, दिवस मावळायच्या आत ये. घर जैनांचं. सूर्य बुडाल्यावर त्या घरात कुणी जेवत नसे. त्यामुळे संध्याकाळची शेवटून दुसरी गाडी चुकली की मुलगी उपाशी झोपायची आणि तिच्यासाठी आईही.

धन्यकुमारचं गावात खता-बियाण्यांचं दुकान होतं आणि वारणेकाठी थोडी जमीन. माणूस सरळ. पहिले तीर्थंकर आदिनाथ यांनी आपल्या मुलीला, ब्राह्मीला, अक्षरं शिकवली आणि तिच्यापासून लिपी जगात आली, ही गोष्ट तो युरियाचं पोतं मोजतामोजता गिऱ्हाइकाला सांगायचा. म्हणून पोरीचं नाव ब्राह्मी ठेवलं, हे सांगायलाही विसरायचा नाही.

सन अठ्ठ्याण्णव होतं. ब्राह्मी सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकाच्या शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या सत्रात मुलांनी कुठेतरी उमेदवारी करायची, असा नियम. मुलं पुण्याला गेली. तिथल्या कंपन्यांत साहेबांच्या खुर्चीमागे उभं राहणं, झेरॉक्स काढून आणणं आणि आपण लिहिलेलं साहेबांच्या नावानं पुढे गेलेलं बघणं, यालाच उमेदवारी म्हणत. मुलींना पुण्याला कुणी पाठवत नव्हतं. त्यांच्यासाठी कॉलेजातच क्षमा मॅडमचा प्रकल्प होता.

क्षमा मॅडम मूळच्या वाईच्या. मुंबईतली नोकरी सोडून सांगलीत शिकवायला आलेल्या. ज्या सॉफ्टवेअरचा आतला मजकूर कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदल पुन्हा सगळ्यांना द्यावा लागतो, अशा एका लेखन-प्रोग्रामला मराठी शिकवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. जगभरची माणसं त्यावर बिनपगारी राबत होती. त्यांच्यातलं बोलणं ईमेलवर, सगळ्यांना दिसेल असं चालायचं. कॉलेजात दुपारी एकदा टेलिफोन लावून ती पत्रं उतरवून घेत.

पहिल्याच दिवशी मॅडमनी उमेदवारांकडून काय अपेक्षा आहे ते सांगून टाकलं. अडलं तर आधी स्वतः झगडायचं, मग सगळ्यांसमोर विचारायचं. माझ्या कानात विचारायचं नाही, कारण तोच प्रश्न उद्या दुसऱ्याला पडणार आहे. चूक लपवायची नाही. न सांगता गायब व्हायचं नाही. आणि शेवटी त्या म्हणाल्या,

"ज्यानं केलं त्याचंच नाव. इथं मान दुसरा कशाचाच नाही. पगार नाही, बक्षीस नाही. त्यामुळे नावाच्या बाबतीत खोटं चालणार नाही."

मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं, जसं बाकी सगळंच घेतात.

ब्राह्मीच्या वाट्याला आलेलं काम दिसायला लहान होतं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक त्या प्रोग्रामला कळत नव्हता. ‘साताऱ्याचा’ लिहायला जावं तर रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसे. मराठी माणसाला ते वाचताना ठेच लागायची आणि बाहेरच्यांना त्यात काही चुकलंय हेच कळत नव्हतं. तिने पाठवलेला पहिला बदल प्रकल्प सांभाळणाऱ्या एका जर्मन माणसाने परत पाठवला. मराठी सुधारली पण नेपाळी बिघडली, पाठवण्याआधी तपासायची सवय लावून घ्या, असं त्याने सगळ्यांसमोर लिहिलं. ब्राह्मी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात जाऊन रडली. मॅडम तिच्याजवळ गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच उत्तर लिहिलं, चूक माझी आहे, दुरुस्त करते. दुसऱ्यांदाही ते परत आलं. तिसऱ्यांदा मात्र त्याच माणसाने लिहिलं की हा प्रश्न इतकी वर्षं कुणाला नीट समजलाच नव्हता, आणि आता समजला.

प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीबरोबर तिचं नाव आलं. ब्राह्मी धन्यकुमार, समडोळी. गावाचं नाव घालायचा हट्ट तिचाच. धन्यकुमारने त्याचा छापील कागद दुकानात काचेखाली ठेवला.

त्याच सुमारास साताऱ्याचं स्थळ आलं.

भूपालशेठ यांचं साताऱ्यात कापडाचं दुकान. मूळ घर सांगलीकडचंच, दोन पिढ्यांमागे तिकडे गेलेलं. मुलगा जिनेंद्र शिरवळच्या एका कारखान्यात संगणक विभागात नोकरीला. देखणा, शांत, बोलताना समोरच्याचं ऐकून घेणारा. भूपालशेठनी बैठकीत बसल्याबसल्या सांगून टाकलं की आमच्या घरात हुंडा घेत नाहीत. वडिलांनी घेतला नाही, मी घेतला नाही, मुलगाही घेणार नाही. धन्यकुमारने हात जोडले. आत पोहे वाढत असलेल्या चंपाबाईने पदराने डोळे टिपले. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात बापाचा मळा गेला होता. तो तिने डोळ्यांनी जाताना पाहिला होता.

जिनेंद्र ब्राह्मीशी अंगणात बोलला. तिच्या कामाबद्दल त्याने इतकं बारकाईनं विचारलं की तिला आनंद झाला. अक्षरं कशी जुळतात, कुठे अडलं, जर्मन माणूस काय म्हणाला, सगळं. होणारा नवरा आपल्या कामाचं विचारतो, हे तिच्या मैत्रिणींपैकी कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. साखरपुडा झाला. पत्रिका छापायला टाकल्या.

मग जिनेंद्रने क्षमा मॅडमना लिहून त्या प्रकल्पात उमेदवार म्हणून यायची इच्छा कळवली. मॅडम कुणालाही नाही म्हणत नसत. त्यांनी त्यालाही त्याच अपेक्षा कळवल्या आणि एक सोपं काम दिलं. त्याने ते केलं नाही. विचारलं तर कारखान्यात गडबड आहे म्हणाला. पुढे त्याने तेच काम ब्राह्मीला फोनवर सांगितलं, करून ठेव म्हणाला, आणि तिने केलं. घरच्याच माणसासाठी करतेय असं तिला वाटलं.

खरी गोष्ट लग्नाला थोडेच दिवस उरले असताना बाहेर पडली. भूपालशेठ एकटेच समडोळीला आले. चहा घेत नव्हते, दूध घेतलं. मग शांतपणे सांगितलं. संगणकातल्या तारखांच्या सन दोन हजारच्या घोळामुळे अमेरिकेत माणसं हवी आहेत. पुण्याची एक एजन्सी मुलाला पाठवायला तयार आहे, पण तिथले लोक स्वतंत्र काम दाखवा म्हणतात. त्या अक्षरांच्या कामावर जिनेंद्रचं नाव असलं तर काम होईल. ब्राह्मीला तर नोकरी करायची नाही. तेव्हा तिने तेवढं नाव बदलून द्यावं.

"आम्ही काही मागितलंय का आजवर?" ते म्हणाले. "पैसा नाही, सोनं नाही. आणि नावाचं काय, लग्नात तिचं नाव बदलणारच आहे."

ते गेल्यावर धन्यकुमार बराच वेळ पुढच्या सोप्यात बसून राहिला. ब्राह्मी दाराआडून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन ती बापाला म्हणाली, दादा, हे मला जमायचं न्हाई. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

"नावच तर हाय पोरी," तो म्हणाला. "लोक जमिनी देत्यात. तुला नुसतं नाव द्यायचं हाय."

चंपाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मुलीची बाजू घेतली नाही. हातातली भाकरी तव्यावर टाकून ती एवढंच म्हणाली की मावशीचं काय झालं ते तुला ठाऊक हाय.

दुसऱ्या दिवशी ब्राह्मीने मॅडमना सांगितलं. मॅडम चिडल्या, तिच्यावर नव्हे पण तिला तसं वाटलं. मग त्या स्वतः एस.टी.त बसून समडोळीला आल्या. धन्यकुमारने त्यांचा मान राखला. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि त्यांचं सगळं बोलणं संपेपर्यंत मध्ये शब्द टाकला नाही. हा हुंडाच आहे, मॅडम म्हणाल्या. रोख मोजला नाही म्हणून तो हुंडा नाही असं होत नाही. तिच्याकडे स्वतःचं म्हणून जे एक आहे तेच हे लोक मागतायत.

"मॅडम, तुमी शिकल्याल्या," धन्यकुमार म्हणाला. "तुमचं खरं असंल. पर पत्रिका वाटून झाल्यात. उद्या लगीन मोडलं तर हिला तुमी सांभाळणार हाय का? जल्मभर?"

क्षमा मॅडमनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि त्या उठल्या. त्या परतीच्या गाडीने सांगलीला आल्या. आयर्विन पुलावर गाडी अडकली होती तेव्हा त्यांच्या मनात आलं की हो म्हणायला हवं होतं. पण गाडी उलटी फिरवता येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर आली असती तरी त्यांनी फिरवली नसती.

ब्राह्मीने आपल्या हाताने नाव बदललं. सगळ्यांना कळवलं की काम मूळचं जिनेंद्र यांचं, मी फक्त पाठवत होते. जर्मन माणसाने आश्चर्य वाटल्याचं लिहिलं आणि अभिनंदन जिनेंद्रला केलं. मराठीच्या भागाची अंतिम मंजुरी क्षमा मॅडमच्या हातात होती. त्यांनी ती दिली. तिची आधीची सगळी पत्रं, रडून लिहिलेली दुरुस्तीसुद्धा, तिथेच होती. कुणीही वाचू शकत होतं. कुणी वाचली नाहीत.

लग्न साताऱ्यात थाटात झालं. वऱ्हाडातले लोक एकमेकांना सांगत होते की बघा, एक पैसा घेतला नाही. तांदळात नवं नाव लिहिलं गेलं, जिनमती. दिवाळीनंतर जिनेंद्र अमेरिकेला गेला. तिचं नंतर बघू, असं ठरलं.

साताऱ्याच्या घरात तिला छळलं असं कुणी म्हणणार नाही. सासूबाई तिला पोटभर जेवू घालत. सणाला साडी येई. घरात संगणक नव्हता आणि हवा कशाला हेही कुणाला कळलं नसतं. सकाळी दळण-पाणी, दुपारी दुकानातून आलेल्या साड्यांना फॉल लावायचा, संध्याकाळी दिवे लागायच्या आत स्वयंपाक. फॉल लावताना सासूबाई शेजारी बसून जुन्या गोष्टी सांगत. त्या वाईट नव्हत्या. त्यांचं माहेरचं नाव काय होतं असं ब्राह्मीने एकदा विचारलं, तर त्यांना आठवायला थोडा वेळ लागला.

रविवारी सकाळी जिनेंद्रचा फोन येई. आईवडिलांशी बोलून झालं की तो तिला फोनवर बोलवायला सांगे. तिला आधी वाटे की आपली चौकशी करेल. तो करायचा, दोन वाक्यं. मग कामाचं निघे. त्या प्रकल्पातले लोक त्याला प्रश्न विचारत. अमुक ठिकाणी असं का लिहिलंय, तमुक अक्षर का फुटतं. नाव त्याचं, तेव्हा उत्तर त्यालाच द्यायला हवं. जिनेंद्र तो मजकूर वाचून दाखवायचा आणि ती डोळे मिटून, पडद्यावाचून, कागदावाचून, ओळ आठवून सांगायची. इथे अट उलटी कर. तिथे आधी पुढचं अक्षर बघ. भूपालशेठ पेपर वाचत बाजूला बसलेले असत. सून अमेरिकेशी काय बोलते हे त्यांना कळत नव्हतं, पण कौतुक होतं. फोन ठेवल्यावर तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची चीड यायची. आठवड्यातला तेवढाच वेळ ती तिची होती आणि तोही दुसऱ्याच्या नावावर जमा होत होता.

पुढच्या वर्षी क्षमा मॅडमकडे नवे उमेदवार आले. त्यांत कवठे महांकाळची स्वानंदी नावाची एक मुलगी होती. घरची पहिलीच शिकणारी. तिला अक्षरांच्या त्याच भागात एक दोष सापडला. मॅडमनी सांगितलं होतं तसं तिने आधी स्वतः झगडून पाहिलं आणि मग सगळ्यांसमोर विचारलं, हे असं का केलंय, मला हे चुकीचं वाटतं. मुलीचं बरोबर होतं. जिनेंद्रला प्रश्नच कळला नाही. रविवार यायला अवकाश होता आणि लोक वाट बघत होते. त्याने लिहिलं की नवख्या मुलींनी आधी अभ्यास करावा, मग मोठ्यांच्या चुका काढाव्यात, आणि क्षमा मॅडमनी उमेदवार जरा पारखून घ्यावेत. बाकीच्यांना वाटलं लेखकच म्हणतोय म्हणजे बरोबर असेल. एकदोघांनी त्याचीच री ओढली. स्वानंदीच्या वडिलांपर्यंत ते कुणा वर्गमित्राच्या तोंडून पोचलं. परदेशातले पुरुष पोरीला नावं ठेवतात, हे त्यांना पुरेसं झालं. त्यांनी तिला घरी नेलं. उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं.

रविवारी जिनेंद्रने हे सगळं ब्राह्मीला हसत सांगितलं. आणि तो दोष खरंच आहे का, असेल तर कसा काढायचा, विचारलं. तिने मुलीचं नाव विचारलं. गाव विचारलं. मग तिला प्रयोगशाळेतला तो कोपरा आठवला असेल, किंवा नसेलही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "ज्याचं नाव आहे त्यानं सांगावं."

तो आधी हसला. मग समजावलं. मग आवाज चढला. ती तेच वाक्य पुन्हा म्हणाली, पहिल्याइतकंच हळू. भूपालशेठनी पेपर खाली ठेवला. फोन त्यांच्या हातात देऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि अर्धवट राहिलेली दोडकी चिरून पुरी केली.

पुढचे काही दिवस घर तिच्याशी गोड बोललं. नंतर बोलेनासं झालं. एका सकाळी ती सासूबाईंच्या पाया पडून, सांगलीला जाऊन येते, असं सांगून निघाली. सासूबाईंनी अडवलं नाही. कॉलेजात क्षमा मॅडमनी तिला दारात पाहिलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या. ब्राह्मीने फक्त संगणक मागितला. स्वानंदीला सापडलेला दोष तिने तासाभरात काढला. मग सगळ्यांसाठी पत्र लिहिलं. हे काम माझं आहे. लग्नासाठी मी ते दुसऱ्याच्या नावावर केलं, तेव्हा मी खोटं बोलले. स्वानंदीचं म्हणणं बरोबर होतं, तिची माफी मागावी. खाली लिहिलं, ब्राह्मी धन्यकुमार, समडोळी.

क्षमा मॅडमनी त्याखाली आपलं पत्र जोडलं. मला ठाऊक होतं आणि मी मंजुरी दिली, असं त्यात होतं.

वाचकहो, याचा शेवट सुखाचा झाला असता तर सांगायला आवडलं असतं. जिनेंद्रची नोकरी गेली नाही. त्याच्या कंपनीला त्या अक्षरांशी काही देणंघेणं नव्हतं. कामावर ब्राह्मीचं नाव परत आलं, स्वानंदीचं तिच्याखाली आलं, पण ते कवठे महांकाळच्या मुलीला तिच्या सासरी जाऊन कोण सांगणार. मॅडम तिच्या सासरी जाऊन आल्या. घरच्यांनी दारातूनच, ती कामात आहे, असं सांगितलं. त्या वर्षापासून मॅडमनी एक नवा नेम घेतला. मुलगी उमेदवार म्हणून आली की पहिल्या आठवड्यात तिच्या घरी जायचं, आणि हिचं काम हे हिचं आहे, लग्नात द्यायची वस्तू नव्हे, हे आईबापांच्या तोंडावर सांगायचं. काही घरं त्यांना पाणीसुद्धा विचारत नाहीत. त्या तरी जातात. हिला सांभाळणार का, असं कुणी विचारलंच तर हो म्हणायचं, हेही त्यांनी ठरवून टाकलं आहे.

ब्राह्मीला सासरहून परत बोलावणं आलं नाही. ती समडोळीला आहे आणि रोज सांगलीला मॅडमकडे कामाला जाते. समाजात बोललं जातं ते एवढंच, की हुंडासुद्धा न घेणारं घर मिळालं होतं, तरी नांदली नाही.

हेच वाक्य एकदा दुकानात, धन्यकुमारच्या देखत, पाहुण्यांपैकी एकाने उच्चारलं. चारपाच माणसं बसली होती. धन्यकुमार बियाण्याच्या पिशव्या लावत होता. तो लावायचा थांबला.

"घेतला की हुंडा," तो म्हणाला. "पोरीचं काम घेतलं. आन मी दिलं. माझं नव्हतं त्ये द्यायला."

एकदोघांनी माना डोलावल्या. मग ज्याने विषय काढला होता तोच जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून, आपुलकीने विचारू लागला की झालं ते झालं, आता दुसरीकडं कुठं बघताय का, एक बिजवर आहे माझ्या माहितीत, त्यालाबी काय नको, नुसती पोरगी शिकलेली पाहिजे.